त्या बारा जर्सी परत द्या

प्रति,
आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेचे हेडमास्तर सर, एसडीएमसीचे (शाळा विकास आणि देखरेख समितीचे) अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
तसेच बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले पीटी शिक्षक आणि तालुका क्रीडा स्पर्धा घेणारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या चार ओळींतच कळेल. आणि जांबोटीपासून नंदगडपर्यंत कुणाला ही आपलीच शाळा वाटली, तर तेही फारसं चुकायचं नाही.

गणपतीच्या आधल्या सोमवारी प्रार्थनेनंतर शाळेत काय झालं, हे माझ्या मुलीने मला सांगितलं नाही. शेजारचा चौथीतला पोरगा आईचा ब्लाऊज न्यायला आला होता. तो म्हणाला, "काकू, ताईची जर्सी काढून घेतली की हो." मग एकेक करून कळत गेलं. खो-खोच्या बाराही मुलींना पुढे बोलावलं. धुऊन आणलेल्या जर्सी घडी घालून टेबलावर ठेवायला लावल्या. लोकांनी वर्गणी काढून कपडे दिले आणि तुम्ही गावाचं नाक कापून आलात, असं माइकवरून सांगितलं. सात नंबरच्या मुलीला वेगळं उभं केलं आणि "हिच्यामुळे" म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं. पुढच्या वर्षीपासून मुलींचा संघ पाठवायचा नाही आणि सहावी-सातवीचे पीटीचे तास गणिताला द्यायचे, हा ठरावही तिथेच वाचून दाखवला.

माझी मुलगी चार नंबर. सात नंबरशी माझं नातं नाही. तिचे वडील गोव्यात कामाला असतात, घरी आई आणि आजी. त्यांच्यापैकी कुणी असलं पत्र लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

मी कोण, ते गावाला माहीत आहे, बाहेरच्यांसाठी सांगते. हायस्कूलला असताना मी विभागीय पातळीपर्यंत खो-खो खेळले. पुढे बी.पी.एड. केलं, नोकरी लागली नाही, लग्न होऊन या गावात आले आणि शिलाई मशीनवर बसले. आपल्या शाळेत पीटी शिक्षकाची जागा रिकामी आहे. जूनमध्ये हेडमास्तर सर स्वतः माझ्या दारात आले आणि म्हणाले, "ताई, पोरींना जरा शिकवा." ते आले याचं मला आजही कौतुक आहे. त्या बारा जर्सींवरचे नंबरही मीच शिवले. एक पैसा घेतला नाही, आणि हे उपकार म्हणून सांगत नाही. त्या कपड्यांत माझाही धागा आहे, एवढंच.

आता त्या सामन्याबद्दल. ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकी मैदानावर कुणीच नव्हतं.

उपांत्य सामना होता. सकाळी सातला टेम्पोने निघालेल्या मुली दुपारी तीनला मैदानात उतरल्या. पोटात चिरमुरे आणि एकेक केळं. शेवटचा मिनिट चालू होता, बरोबरी करायला एक गडी मारायचा होता. सात नंबरला खो मिळाला. ती उठली, दिशा घेतली, पळणारीने हुलकावणी दिली आणि ही मागे वळली. फाऊल. तेवढ्यात पळणारी निसटली आणि शिट्टी झाली. एका गुणाने हरलो. ज्याने खो-खो खेळलाय त्याला विचारा, हुलकावणीवर मागे वळायचा मोह मोठमोठ्यांना होतो. अंगाला ते वळण लावायला वर्षं जातात. या मुलींना तीन महिने मिळाले होते, त्यातले दोन पावसात.

ती खांबापाशी बसून रडत होती. मी पोचायच्या आधी समोरच्या संघाचे सर तिच्याजवळ गेले. कन्नड शाळेचे. ते खाली वाकून म्हणाले, "परवागिल्ल बिडवा, छलो आडीदी." राहू दे गं, छान खेळलीस. आणि त्यांनी तिला हात धरून उठवलं. ज्यांच्याशी हरलो त्यांनी आमच्या मुलीला उभं केलं आणि चार दिवसांनी आपल्या माणसांनी तिला खाली बसवलं. भाषेवरून आपण इथे उठता-बसता भांडतो, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवते.

पहिली तक्रार या अपमानाची. शिक्षण हक्क कायदा २००९चा आहे, त्याच्या १७व्या कलमात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. मला कुठे अर्ज करायचा नाही, कुणाची नोकरी घालवायची नाही. पण पुढच्या वेळी माइक हातात घेताना एवढं लक्षात असावं.

दुसरी तक्रार एका वाक्याची आहे आणि ती मला जास्त टोचते. ठरावाच्या बैठकीत एक सदस्य म्हणाले म्हणे, "आपल्या पोरींत मुळात धीरच नाही." मुळात! म्हणजे कुणी धीर पोटातून घेऊन येतं आणि कुणी येत नाही, असं. तर हा धीर कुठून येतो, ते मी जूनपासून डोळ्यांनी पाहिलंय. तेवढं जरा निवांत वाचा.

सात नंबरला खांबावर सूर मारायची भीती वाटायची. पळत यायची आणि खांबाजवळ आली की पाय आपोआप आखडायचे. बाहेर पाऊस, मैदानात घोट्याएवढा चिखल, म्हणून आम्ही देवळाच्या मंडपात सराव करायचो. पोत्यांत भाताचा कोंडा भरून मी गाद्या केल्या. आधी गुडघ्यांवर बसून नुसतं पुढे पडायचं. मग उकिडवं बसून. मग दोन पावलं चालून. मंडपाच्या खांबाला जुनी गोधडी गुंडाळली आणि पडता पडता तिला हात लावायचा. प्रत्येकीला एक वही दिली होती. रोज घरी जाऊन एकच ओळ लिहायची: काल काय जमत नव्हतं आणि आज काय जमलं. सात नंबरच्या वहीत पहिले आठ दिवस लिहिलंय, "आज पडले." नवव्या दिवशी लिहिलंय, "आज पडले पण डोळे उघडे होते." जुलैच्या शेवटी ती पळत येऊन सूर मारायला लागली. तालुक्याला पहिल्या सामन्यात खांबावर सूर मारून तिने दोन गडी बाद केले. ते त्या सोमवारी माइकवरून कुणी सांगितलं नाही.

आणि मी काही देवमाणूस नव्हे. जुलैमध्ये एकदा माझाही तोल गेला. "दगडाचे पाय आहेत काय गं तुझे?" म्हणून सगळ्यांदेखत ओरडले. तीन दिवस ती आलीच नाही. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. परड्यात आजीबरोबर बसली होती. मी म्हटलं, "काय करूलाईस?" तर बोलेना. मग मी माफी मागितली, बारा वर्षांच्या मुलीची. आजी बघतच राहिली. एका वाक्याने तीन आठवड्यांची कमाई कशी जाते ते मला तेव्हा कळलं. तुम्ही तर अख्ख्या शाळेसमोर बोललात.

बी.पी.एड.ला आल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाचं १९७७ सालचं म्हणणं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अर्थ आत्ता कुठे लागतोय. 'हे मला जमेल' असं माणसाला चार वाटांनी वाटायला लागतं. स्वतः ते करून झालेलं असतं. आपल्यासारख्याच कुणाला तरी करताना बघितलेलं असतं. भरवशाचं माणूस 'तुला जमेल' म्हणून सांगतं. आणि चौथी वाट शरीराची: छातीतली धडधड घाबरल्याची वाटते की तयारीची. यात पहिली वाट सगळ्यांत पक्की. म्हणून ती कोंड्याची पोती. टाळ्या आणि भाषणं येतात तिसऱ्या वाटेत, आणि तिथेही बोलणारा भरवशाचा लागतो.

दुसऱ्या वाटेचं एक उदाहरण देते. बेळगावजवळच्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ला जकार्ताच्या आशियाई खेळांत कुराशमध्ये (कुस्तीसारखाच एक खेळ) ५२ किलो गटात कांस्यपदक घेतलं. आपल्या कणकुंबीच्या नदीचं नाव आहे तिला. मी मुलींना हे सांगितलं तर एकजण म्हणाली, "म्हणजे ती कचरा डेपोची तुरमुरी?" होय, तीच. त्या दिवशी सराव अर्धा तास जास्त चालला. मी थांबा म्हणेपर्यंत कुणी थांबलं नाही. पदक लांबचं असतं, पण तुरमुरी जवळ आहे ना.

आता उलट बाजूने बघा. त्या सोमवारी रांगेत चौथी-पाचवीच्या मुलीही उभ्या होत्या. आपल्यासारख्याच मुली खेळल्या की काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं. शेजारणीची धाकटी मला म्हणाली, "मी नाही खेळणार, हरलं की बोलावतात." संघ बंद करायचा ठराव तुम्ही कागदावर केलात. तिच्यापुरता तो त्याच्या आधीच झाला होता.

आता पीटी शिक्षकांना थोडं सांगायचंय, कारण हे आमच्याच शाळेत होतं असं नाही. हरलेल्या संघाला मैदानाभोवती फेऱ्या मारायला लावणारे, टेम्पोत बसेपर्यंत एकेकीच्या चुका मोजणारे सर मी दरवर्षी बघते. त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांनाही त्यांच्या सरांनी असंच वाढवलंय. अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या दोघांनी लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांवर बरीच वर्षं काम केलं. काही प्रशिक्षकांना त्यांनी थोड्या तासांचं शिबिर दिलं. शिकवलं ते साधंच: मेहनतीला शाबासकी द्या, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग कसं सुधारायचं ते सांगा, टोमणे आणि शिक्षा बंद. १९९२ला छापून आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की शिबिर न झालेल्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली आणि शिबिर झालेल्यांकडची फक्त ५ टक्के. दोन्हीकडच्या संघांचे जिंकलेले-हरलेले सामने साधारण सारखेच होते. म्हणजे टोमण्यांनी कप जास्त मिळाले नाहीत, मुलं तेवढी गेली.

बेसबॉल लांबचा वाटत असेल तर कुस्ती घ्या. आपल्याकडे यात्रेला हलगी वाजली की आखाड्याभोवती माणूस मावत नाही. खाशाबा जाधव १९४८ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले. लाल मातीतला पैलवान, मॅटची सवय नव्हती. सहावे आले. गोळेश्वरला परत आल्यावर कुणी त्यांचा लंगोट काढून घेऊन टेबलावर ठेवायला लावला असता तर? पुढच्या वेळी पैसे कमी पडले तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी सात हजारांसाठी आपलं घर गहाण टाकलं. १९५२ला हेलसिंकीहून खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. सहावा आलेल्या मुलासाठी घर गहाण टाकणारा हेडमास्तर! सर, मी तुमच्याकडे घर मागत नाही. बारा जर्सी मागते.

पीटीच्या तासाबद्दल फार लिहीत नाही. गणित महत्त्वाचं आहे, माझी मुलगीही त्यात कच्ची आहे. पण आठवड्यातून दोनदा मैदानावर सोडलं म्हणून ती कच्ची राहिलेली नाही, आणि ते दोन तास गणिताला दिल्याने पक्की होणारही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, ते गुरं चारायला नक्कीच नाही.

तालुका स्पर्धा घेणाऱ्यांना दोन-तीन गोष्टी. मैदानावर मुलींना कपडे बदलायला खोली नव्हती. टेम्पोच्या आडोशाला आम्ही दोघी बायका चादर धरून उभ्या राहिलो आणि पलीकडे पोरं हसत होती. बारा-तेरा वर्षांच्या मुली आहेत, त्यांतल्या एकीची पाळी त्याच दिवशी आली होती. ती तशीच खेळली. धीर नाही म्हणे! दुसरं, सामना तीनला असेल तर सातला बोलावून उन्हात का बसवता? आणि तिसरं भाषेचं. माइकवर सगळं कन्नडमधून पुकारतात. आमच्या मुलींना शाळेत कन्नड आहे, वाचता येतं, पण भोंग्यातून भराभर आलेलं कळायला वेळ लागतो. आमच्या शेजारच्या शाळेतली एक मुलगी लांब उडीला नाव पुकारलेलं कळलं नाही म्हणून बसूनच राहिली. पंचांना विचारायची भीड, बोलताना चुकलं तर लोक हसतील म्हणून. कन्नड बंद करा असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही. १४ वर्षांखालच्या मुलांची नावं आणि नियम त्याच माइकवरून मराठीतही एकदा सांगा. दोन्ही भाषा येणारे शिक्षक तिथे खुर्च्या टाकून बसलेलेच असतात.

आता मागण्या.

बाराही जर्सी मुलींना परत द्याव्यात, आणि त्याच ठिकाणी, प्रार्थनेनंतर, सगळ्यांसमोर. घेतल्या सगळ्यांसमोर, मग ऑफिसात बोलावून गुपचूप द्यायच्या नाहीत. माफी मागा असं मी म्हणत नाही, ते ज्याच्या त्याच्या मनावर. पण सात नंबरने पहिल्या सामन्यात दोन गडी मारले, हे त्याच माइकवरून सांगावं.

मुलींचा संघ बंद करायचा आणि पीटीचे तास काढायचा ठराव एसडीएमसीने मागे घ्यावा. पुढच्या बैठकीत मला पाच मिनिटं द्या, मी येऊन बोलते. पीटी शिक्षकाच्या रिकाम्या जागेसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांना शाळेकडून लेखी अर्ज जावा. सह्या गोळा करायचं काम माझं.

तालुक्यातल्या पीटी शिक्षकांची स्पर्धांच्या आधी जी बैठक होते, तिच्यात दोन तास मुलांशी कसं बोलावं यावर ठेवावेत. बोलायला बाहेरचा पाहुणा नको. आपल्याकडच्या तालमीतले एखादे जुने वस्ताद बोलवा, पडलेल्या पोराला पाठीवर हात ठेवून कसं उठवतात ते ते दाखवतील. आणि एक नियम सगळ्यांनी पाळून बघावा: हरल्यावर पहिली दहा मिनिटं चुकांबद्दल अवाक्षर नाही. पाणी द्यायचं, सावलीत बसवायचं, वाटलं तर रडू द्यायचं. चुका दुसऱ्या दिवशी मैदानावर, करून दाखवत.

स्पर्धेच्या मैदानावर मुलींसाठी एक बंद खोली आणि पाणी असावं. जवळच्या शाळेची खोली मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही.

पालकांनाही एक सांगते, त्यांत मीही आले. घरी आल्यावर "जिंकलीस काय?" हा पहिला प्रश्न मी आता बंद केलाय. "आज काय जमलं?" विचारते. पहिल्या दिवशी मुलीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आलाय.

पहाटेचा सराव मी थांबवलेला नाही. रोज साडेपाचला आम्ही देवळापुढे असतो, जुन्या फ्रॉकवर, जर्सी नाहीत म्हणून. बारापैकी आठ येतात. सात नंबर अजून आलेली नाही. परवा तिच्या आजीकडे मी तिची वही पोचवली. माझ्याकडे राहिली होती, आणि तालुक्याच्या दिवसाचं पान कोरंच आहे.

आपली,
एक पालक आणि जुनी खो-खो खेळाडू,
खानापूर तालुका

ता. क. त्या जर्सी मुलांच्या कबड्डी संघाला द्यायचं चाललंय असं ऐकते. तसं असेल तर नंबर उसवायला जाऊ नका. मी दुहेरी टीप मारलीय, कापड फाटेल.